उसने आलेले शिल्प आणि सीहॅमचे ऋण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक जागांतील पुतळ्यांविषयी आपल्या पत्रस्तंभात जी चर्चा चालली आहे, ती मी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ राहून नियमाने वाचतो. पुतळा कोणाचा, किती उंच आणि अनावरण कोणाच्या हस्ते, या तीन प्रश्नांभोवतीच बहुतेक पत्रे फिरताना दिसतात. ज्या गावात तो उभा राहायचा त्या गावाला तो मनापासून हवा आहे का, आणि हे चौथरा बांधण्याआधी कळण्याचा काही मार्ग आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. तसा एक मार्ग मी ज्या काउंटी डरहॅममध्ये राहतो तिथल्या सीहॅम या लहानशा गावाने २०१४ साली अनुभवला. त्याची हकिगत मराठी वाचकांपुढे ठेवावी आणि त्यानिमित्ताने त्या गावाच्या कृतज्ञतेत आपलाही स्वर मिसळावा, एवढ्यासाठी हे पत्र.

सीहॅम हे मूळचे कोळशाचे गाव. आपल्या खाणींतला कोळसा जहाजांवर चढवता यावा म्हणून लॉर्ड लंडनडेरी यांनी १८२८ मध्ये इथे बंदराचे काम सुरू केले आणि बंदराच्या पाठोपाठ वस्ती वाढली. सप्टेंबर १८८० मध्ये इथल्या खाणीत झालेल्या स्फोटात दीडशेहून अधिक कामगार दगावले; त्यांत अगदी कोवळ्या वयाची मुलेही होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेवटच्या खाणीही बंद पडल्या आणि गावाचा हातचा रोजगार गेला. आज बाहेरचे लोक येतात ते किनाऱ्यावरची काच वेचायला. जुन्या बाटली कारखान्याने समुद्रात टाकलेली काच लाटांनी घासून घासून गुळगुळीत खड्यांच्या रूपात परत येते आणि हौशी मंडळी वाकून वाकून ती शोधत फिरतात. हे सांगण्याचे कारण इतकेच की, ज्या गावाबद्दल मी लिहितो आहे त्याच्यापाशी कलेवर उधळायला पैसा पडून नव्हता.

पहिल्या महायुद्धाला २०१४ मध्ये शंभर वर्षे झाली. त्या वर्षी रे लॉन्सडेल या शिल्पकाराने केलेले एका सैनिकाचे पोलादी शिल्प सीहॅमच्या टेरेस ग्रीन या समुद्रालगतच्या हिरवळीवर, गावाच्या जुन्या युद्धस्मारकाच्या शेजारी आणून ठेवण्यात आले. लॉन्सडेल मूळचे पोलादकामाच्या धंद्यातले आणि त्यांची कार्यशाळा साउथ हेटन या जवळच्याच खाणगावातली, त्यामुळे शिल्प काही फार लांबून आले नव्हते. शिल्प उसने होते, मुक्काम तीन महिन्यांचा ठरलेला होता आणि मुदत संपली की ते उचलून न्यायचे होते.

शिल्पाचे नाव ‘११०१’. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता युद्धविराम लागू झाला. त्यानंतरचा पहिला मिनिट म्हणजे अकरा वाजून एक मिनिट. सैनिक बसलेला आहे. डोक्यावर शिरस्त्राण, मान खाली, एका हाताने धरलेली रायफल, नजर जमिनीकडे. बसलेल्या स्थितीतच त्याची उंची सुमारे साडेनऊ फूट आणि वजन सव्वा टनाच्या आसपास आहे. विजयाची कुठलीही खूण त्याच्या अंगावर नाही. लढाई थांबली आहे, आपण जिवंत आहोत आणि आता पुढे काय, एवढेच त्या खांद्यांच्या उतारावरून वाचता येते. गावाने त्याला ‘टॉमी’ म्हणायला सुरुवात केली, जे इंग्लंडमध्ये साध्या शिपायाचे सरसकट नाव आहे. आणि आज शिल्पाचे खरे नाव विचारले तर अनेकांना आठवून सांगावे लागते.

या शिल्पाचा पोत जवळून पाहण्यासारखा आहे. ते कॉर्टेन जातीच्या पोलादाचे आहे. तांबे, क्रोमियम यांसारखे धातू थोड्या प्रमाणात मिसळलेले हे पोलाद उघड्यावर गंजते, पण त्या गंजाचाच एक घट्ट थर तयार होऊन आतल्या धातूचे रक्षण करतो, त्यामुळे रंग द्यावा लागत नाही. जवळ गेले की पत्र्याचे लहान-मोठे तुकडे आणि त्यांना जोडणारे वेल्डिंगचे सांधे स्पष्ट दिसतात. शिल्पकाराने ते घासून लपवलेले नाहीत. कोटाच्या घड्यांत पाणी साचते तिथे रंग काळपट, जिथे येणारे-जाणारे हात लावतात तिथे तो तकतकीत तपकिरी. पाऊस पडून गेल्यावर त्याच्या कडांवरून तांबूस पाणी खाली ओघळते आणि पायथ्याशी डाग पडतात, हे काही जणांना खटकते. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेत हा संरक्षक थर नीट बसत नाही, त्यामुळे अशा जागी असे शिल्प ठेवले की त्याच्या देखभालीची जबाबदारीही कोणीतरी पत्करावी लागते. म्हणजे गावाने ज्याची निवड केली ते सोयीचे किंवा चकचकीत काही नव्हते.

तीन महिन्यांची मुदत सरत आली तसे टॉमीला जाऊ द्यायचे नाही असे लोक म्हणू लागले. गावातल्याच नागरिकांनी पुढाकार घेऊन वर्गणी सुरू केली. शिल्प कायमचे घेण्यासाठी सुमारे ८५ हजार पौंड लागणार होते; त्या वेळच्या दराने ही रक्कम जवळपास ८५ लाख रुपये होते. खाणी बंद झालेल्या गावात एवढा पैसा उभा राहील असे मला, खरे सांगायचे तर, वाटले नव्हते. तो उभा राहिला. टॉमी तिथेच राहिला आणि दर वर्षी ११ नोव्हेंबरला गाव त्याच्याभोवती जमते.

मला महत्त्वाचे वाटते ते हे की सीहॅमने आभार मानले ते आधी शिल्पासोबत राहून पाहिल्यानंतर. लोकांनी ते सकाळी कुत्र्याला फिरवताना पाहिले, धुक्यात पाहिले, पोरे त्याच्या बुटांवर चढताना पाहिली. ज्यांचे आजे-पणजे डरहॅम लाइट इन्फन्ट्री या इथल्या पायदळ पलटणीत भरती होऊन गेले, अशा घरांतली माणसे त्याच्यापाशी येऊन थांबू लागली. त्या युद्धाची झळ या किनाऱ्याला घरबसल्याही लागली होती. डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांनी जवळच्या हार्टलपूलवर तोफा डागल्या तेव्हा शंभराहून अधिक माणसे मेली होती. पण स्मारकाच्या दगडावर नावे असतात ती मेलेल्यांची. जे परत आले, रात्री दचकून उठत राहिले आणि त्याबद्दल घरात कधी बोलले नाहीत, त्यांच्यासाठी या गावात काहीच नव्हते. शेजारच्या स्मारकाला जे सांगता येत नव्हते ते या शिल्पाने सांगितले, आणि हे कोणत्याही समितीच्या टिपणीवरून आधी ठरवता आले नसते. शिल्पकाराने आपले काम विकण्याआधी लोकांच्या स्वाधीन केले, त्यांना नको म्हणण्याची पूर्ण मोकळीक ठेवली, त्या विश्वासाबद्दलचे हे आभार आहेत, आणि त्यांत स्थानिक प्रशासनालाही वाटा द्यायला हवा, कारण उसन्या वस्तूसाठी गावातली सर्वांत चांगली जागा मोकळी करून देणे हे कागदावर दिसते तितके सोपे नसते.

याच शिल्पकाराच्या बाबतीत असे आधीही घडले होते. २०११ मध्ये स्कारबरो या यॉर्कशरमधल्या समुद्रकाठच्या गावी त्यांचे एक भव्य शिल्प काही आठवड्यांसाठी ठेवले गेले: बाकावर बसलेला, टोपी घातलेला वृद्ध माणूस. तो फ्रेडी गिलरॉय नावाचा निवृत्त खाणकामगार. एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतली बर्गेन-बेल्सन ही नाझींची छळछावणी मुक्त झाली तेव्हा तिथे पोहोचलेल्या पहिल्या सैनिकांपैकी एक. ते शिल्प परत जाणार म्हटल्यावर गावातल्या एका निवृत्त महिलेने आपल्या बचतीतून ५० हजार पौंड देऊन ते गावासाठी विकत घेतले. बाकाच्या उरलेल्या जागेवर आज पर्यटक चढून बसतात आणि फोटो काढून घेतात. फ्रेडीच्या मानाने ती माणसे इतकी छोटी दिसतात की पाहणाऱ्याला हसू येते.

उसनवारी नेहमी अशी गोड होते असे मात्र नाही. डेव्हनमधल्या इल्फ्राकूमच्या धक्क्यावर डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताचे ‘व्हेरिटी’ हे वीस मीटरहून उंच शिल्प २०१२ पासून वीस वर्षांच्या मुदतीवर उभे आहे. हातात तलवार उगारलेली गर्भवती स्त्री, आणि एका बाजूने तिची त्वचा सोलून आतले गर्भाशय दाखवलेले. ते येण्यापूर्वीच गावात दोन तट पडले होते आणि आजही काही जण तिच्याकडे पाठ करूनच समुद्र पाहतात. तरीही त्या मंडळींना मुदतीचा आधार आहे: २०३२ साली हा विषय पुन्हा निघेल. न आवडलेल्या शिल्पालाही शेवटची तारीख असणे ही मला मोठी सभ्य व्यवस्था वाटते, आणि वीस वर्षे जरा जास्तच झाली असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत आहे.

या हकिगतीचा महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. टॉमी ज्या युद्धातून आला त्याच युद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथल्या कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपाशी राहून एप्रिल १९१६ मध्ये शत्रूच्या हाती पडलेल्या सैन्यात त्यांचे जवान होते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात गेलेल्या ४६ जणांना वीरमरण आले असे सांगितले जाते आणि गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. सातारा, रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत सरकारने बसवलेल्या दगडी पाट्या आहेत: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. त्यांवर नावेही नाहीत, नुसते आकडे. परत आलेल्यांचे काय झाले हे त्यांच्या नातवंडांनाच ठाऊक. तसा एखादा फेटा बांधलेला, थकून बसलेला शिपाई कोणा मराठी शिल्पकाराच्या हातून घडावा आणि तो आधी एखाद्या गावाच्या पारावर काही महिने बसून यावा, अशी इच्छा मनात येते.

आपल्याकडे हे जमण्यासारखे आहे का, असे कोणी विचारेल. सार्वजनिक रस्ते आणि पदपथ यांवर नवे पुतळे उभारण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये मनाई केलेली आहे, तेव्हा चौकाचा हट्ट सोडलेलाच बरा. पण नगरपरिषदेची बाग, तळ्याकाठ, वाचनालयाचे आवार, एसटी स्थानकाबाहेरची मोकळी जागा, अशा ठिकाणी काही महिन्यांसाठी एखादे शिल्प ठेवायला कोणाची हरकत असू नये. सर जे. जे. कला महाविद्यालयासारख्या १८५७ पासून चालत आलेल्या संस्थेतून आणि राज्यातल्या इतर कला महाविद्यालयांतून दर वर्षी शिल्पकलेचे विद्यार्थी बाहेर पडतात; त्यांची कामे वार्षिक प्रदर्शनापुरती लोकांपुढे येतात आणि मग बहुतेकांना जागेअभावी कोपऱ्यात जावे लागते. त्यांतली एक-दोन कामे तालुक्याच्या गावी तीन महिने राहिली तर विद्यार्थ्याला प्रेक्षक मिळेल आणि गावालाही आपली आवड तपासून पाहता येईल. ही शिल्पे थोर पुरुषांचीच असावीत असा आग्रह नसावा. हमाल, कोळीण, बैलाला पाणी दाखवणारा शेतकरी, यांच्या शिल्पांवरून भावना दुखावण्याचा धोकाही तुलनेने कमी.

एक सूचना मात्र आवर्जून. उसने घ्यायचे म्हणजे फुकट घ्यायचे असा अर्थ आपल्याकडे चटकन लावला जाईल, तो लावू नये. ने-आण, क्रेन, भक्कम बैठक, विमा, रात्रीचा दिवा आणि मोडतोड झाल्यास दुरुस्ती हा सगळा खर्च घेणाऱ्याने करायचा असतो आणि परतीची तारीख, जागा व जबाबदारी यांचा लेखी करार आधी व्हावा लागतो. शिल्पकाराला मानधन द्यावे. आणि मुदत संपल्यावर गावाने ते ठेवून घ्यायचे ठरवलेच, तर लॉन्सडेल यांना सीहॅमने दिली तशी पूर्ण किंमत द्यावी, घासाघीस करू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक
काउंटी डरहॅम, इंग्लंड