विधि व न्याय मंत्र्यांना खुले पत्र : आज लागू असलेला कायदा वाचायचा कुठे?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
विधि व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

तहसील कचेरीच्या कुंपणाला लागून माझे टेबल आहे. अर्ज, हरकती, अपिलाचे मुद्दे लिहून देतो. वकील नाही, तसा दावाही नाही. मागच्या पंधरवड्यात एक गृहस्थ आले. मुलाच्या घरासाठी आठ गुंठे जिरायत घ्यायची होती. मालक तयार, पैशाची जुळवाजुळव झालेली. "दस्त होईल का, एवढंच सांगा," म्हणाले. मग जरा थांबून, "सांगू नका. कायद्यात लिहिलेलं दाखवा. सांगणारे पाच भेटले, पाची वेगळं सांगतात."

मंत्री महोदय, मी ते दाखवू शकलो नाही, म्हणून हे पत्र.

मोबाईलवर केंद्राचे कायद्यांचे संकेतस्थळ 'इंडिया कोड' उघडले. 1947 चा तुकडेबंदी कायदा मिळाला, पण त्यात गुंठ्यांचा आकडाच नाही. प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते, किती हे सरकार अधिसूचनेने ठरवणार. पूर्वी हे क्षेत्र भागाभागाप्रमाणे वेगळे होते. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे असे बहुतेक जिल्ह्यांत सरसकट ठरले. हे कायद्याच्या पानावर दिसत नाही, राजपत्रात जाऊन शोधावे लागते. त्याआधी 12 जुलै 2021 ला नोंदणी महानिरीक्षकांचे परिपत्रक निघाले आणि तुकड्यांचे दस्त अडले. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द ठरवले. पण रद्द झालेले परिपत्रक स्वतःहून तसे सांगत नाही. एका कार्यालयाच्या फळ्यावर ते त्यानंतरही कितीतरी दिवस टाचणीला लटकलेले मी पाहिले आहे. शिवाय तुकड्यांचे आधीच झालेले व्यवहार नियमित करायचे तर 2017 च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या 25 टक्के भरायचे, ते ऑक्टोबर 2024 च्या अध्यादेशाने 5 टक्क्यांवर आले. आणि जुलै 2025 मध्ये विधानसभेत कायदा शिथिल करण्याची घोषणा झाली. त्या गृहस्थांच्या पिशवीत तिचेच कात्रण होते, चार घड्या घातलेले. घोषणा म्हणजे कायदा नव्हे, हे त्यांना समजावण्यात माझा अर्धा तास गेला. मग कायदा कुठला, हे त्यांनी विचारल्यावर मी चहा मागवला.

एक कायदा, त्यावर अधिसूचना, त्यावर परिपत्रक, त्यावर निकाल, त्यावर अध्यादेश. प्रत्येक कागद कुठे ना कुठे आहे, नाही असे मी म्हणत नाही. पण हे सगळे जुळवून 'आज याचा अर्थ हा' असा सरकारी मजकूर सामान्य माणसाला एका जागी वाचायला मिळत नाही. तो मिळतो पुस्तकाच्या दुकानात. खाजगी प्रकाशक दर वर्षा-दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढतात आणि वकील ती घेतात. मीही घेतो, पण एक वर्षाआड, कारण परवडत नाही. म्हणजे कायदा विधिमंडळाने करायचा, आणि तो आज कसा आहे हे आम्ही दुकानदाराला विचारायचे!

कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही, हे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. त्याची दुसरी बाजू 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवली आहे. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने 1923 मध्ये अफूचा कायदा ठराव करून केला, पण प्रसिद्धच केला नाही. त्याखाली हरला नावाच्या माणसाला शिक्षा झाली. न्यायालयाने ती रद्द केली : लोकांना कळवलाच नाही तो कायदा लोकांवर लागू कसा? निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस नागपूरच्या उच्च न्यायालयातून वर गेलेले, म्हणजे आपल्याकडचेच. आज राजपत्रात छापून आले की प्रसिद्धी झाली, हे कायद्याने ठीकच आहे. पण राजपत्राच्या भाग चार-ब, भाग आठ, विभागीय पुरवणी या रानात शिरून आपल्या गावापुरते कलम हुडकणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

शासन निर्णयांचे संकेतस्थळ त्या मानाने चांगले, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक निर्णयाला संकेतांक आहे, विभागवार शोध आहे. पण 'वाचा'खाली दहा जुने संदर्भ असतात आणि त्यातले जिवंत किती, मेलेले किती, हे कळत नाही. नवा निर्णय जुन्याला अधिक्रमित करतो, तरी जुना तिथेच धडधाकट बसलेला असतो. त्याच्यावर एक तांबडा शिक्का मारायला आणि नव्याचा दुवा द्यायला असा कितीसा खर्च येईल?

गावपातळीवर तर आनंदच आहे. मुंबईला 1888 चा अधिनियम, बाकी महापालिकांना 1949 चा, नगरपरिषदांना 1965 चा, ग्रामपंचायतीचा वेगळा. तो काही कागदांवर 1958 चा आणि काहींवर 1959 चा म्हणून लिहिलेला असतो, त्यामुळे अर्जात कुठले साल घालावे यावर आमच्या टेबलांवर कायमचा वाद. या सगळ्यांखाली उपविधी, म्हणजे त्या त्या संस्थेचे स्वतःचे नियम. ते दप्तरात असतात आणि दप्तराची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे असते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे कार्यालयाने आपले नियम, सूचना, नियमपुस्तिका आपणहून प्रसिद्ध करायच्या आहेत. हा कायदा 2005 चा आहे.

अमेरिकेतही संघराज्य, राज्य आणि गाव असे कायद्यांचे तीन मजले आहेत. तिथे निदान संघराज्याचे नियम दुरुस्तीसकट, रोजच्या रोज अद्ययावत करून इंटरनेटवर फुकट ठेवतात. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर बहुतेक कायद्यांचे कलम आज कसे आहे आणि अमुक तारखेला कसे होते, दोन्ही पाहता येते. आपल्याला एवढे एका रात्रीत नको. आधी सातबाऱ्याशी संबंध येणारे पाच-सहा कायदे घ्या. प्रत्येकाच्या माथ्यावर 'अमुक तारखेपर्यंतच्या दुरुस्त्यांसह' असे लिहा आणि त्याखालच्या अधिसूचना त्याच पानावर जोडा. आणि मराठी मजकूर इंग्रजीच्या मागे राहू देऊ नका. राज्यघटनेच्या कलम 348 मुळे वाद आला की इंग्रजीच ग्राह्य धरतात, हे ठाऊक आहे. पण माझ्याकडे येणारा माणूस वादाआधी वाचू इच्छितो, आणि तो मराठीत वाचतो.

ते गृहस्थ इसार देऊन बसले आहेत. मुदत महिनाअखेरची आहे. त्यांना मी पुढच्या सोमवारी यायला सांगितले आहे.

आपला,
तहसील कचेरीबाहेरचा एक अर्जलेखक