परदेशात इलेक्ट्रिशियन म्हणून मान्यता मिळवण्याविषयी मित्रास पत्र

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. लातूरच्या डाळ मिलमध्ये इतकी वर्षे मेंटेनन्स सांभाळल्यावर ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रिशियन म्हणून जाता येईल का, आणि आपल्या आयटीआयच्या प्रमाणपत्राला तिथे काही किंमत आहे का, असे तू विचारले आहेस. किंमत निश्चित आहे. मात्र त्या प्रमाणपत्रानंतर तू कोणते काम, कोणाकडे, किती काळ आणि कसे केलेस, हे तुला कागदावर दाखवता येते का, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियासाठीचे माझे कौशल्याचे मूल्यांकन नुकतेच पूर्ण झाले असून ओटीएसआर हा त्याचा दाखला हाती आला आहे, म्हणून सर्व काही ताजे असतानाच तुला सविस्तर लिहीत आहे.

ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय वायरिंगला हात लावणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या घराचे वायरिंग का असेना. परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. आपल्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांचे कौशल्य तपासण्याची व्यवस्था ‘ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया’ हे सरकारी कार्यालय पाहते आणि प्रत्यक्ष तपासणी त्याने मान्यता दिलेल्या संस्था करतात. आधी कागदपत्रांची छाननी होते, मग तांत्रिक मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाची चाचणी होते, आणि त्यातून पार पडल्यावर ‘ऑफशोअर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड’ म्हणजे ओटीएसआर मिळतो. हा कागद म्हणजे परवानाही नव्हे आणि व्हिसाही नव्हे, हे मनात पक्के ठेव, कारण आपल्याकडचे काही एजंट तो परवानाच असल्यासारखे सांगतात. ओटीएसआरच्या आधारे तिथल्या राज्याकडून तात्पुरता परवाना घ्यायचा, परवानाधारक इलेक्ट्रिशियनच्या देखरेखीखाली साधारण वर्षभर काम करायचे, त्याच काळात तिथल्या नियमांचे राहिलेले प्रशिक्षण पुरे करून सर्टिफिकेट थ्री ही तिथली इलेक्ट्रिशियनची पात्रता मिळवायची आणि मग पूर्ण परवान्यासाठी अर्ज करायचा, असा तो क्रम आहे.

आता कागदांविषयी, कारण मला सर्वांत जास्त काळजी तुझ्या याच बाजूची वाटते. तुझे आयटीआयचे दोन वर्षांचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि परळीच्या औष्णिक केंद्रातील अप्रेंटिसशिपचे प्रमाणपत्र ही तुझी भक्कम बाजू आहे. परंतु त्यानंतरचा तुझा बहुतेक काळ कंत्राटदाराकडे गेला आणि पगार रोख मिळाला. पगार घेऊन केलेली नोकरी सिद्ध करायची म्हणजे पैशाचा माग दाखवावा लागतो: पगारपत्रक, बँकेतील जमा, पीएफचे पासबुक, आयकराचे कागद. गेल्या ३ वर्षांतील किमान १२ महिन्यांचे पूर्णवेळ काम तर दाखवावेच लागते. मराठवाड्यातील आपली कितीतरी कसबी मुले हाताने कमी पडत नाहीत, पण याच ठिकाणी अडकतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. जो माणूस रात्री दोन वाजता जळालेला कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) बदलून पहाटेच्या पाळीआधी मिल सुरू करून देतो, त्याचे नाव हजेरीपटावर ‘हेल्पर’ म्हणून लागलेले असते. म्हणून या महिन्यापासूनच पगार बँकेत जमा करण्याचा आग्रह धर आणि हजेरीपटावर पदाचे नाव दुरुस्त करून घे.

अनुभवाच्या पत्राचेही तसेच आहे. माझ्या आधीच्या कारखान्याने पहिल्यांदा जे पत्र दिले, त्यात ‘यांचे काम समाधानकारक होते’ यापलीकडे काहीच नव्हते. असे पत्र तिथे निरुपयोगी ठरते. नोकरीच्या सुरुवातीची व शेवटची तारीख, पद, आठवड्याचे तास, प्रत्यक्ष केलेली कामे, हाताळलेली यंत्रे व उपकरणे आणि सही करणाऱ्याचा संपर्क, हे सर्व लेटरहेडवर असले पाहिजे. तू स्वतः मसुदा तयार करून मालकांकडे घेऊन जा: स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी, पॅनलमधील दोषशोध, केबल ओढणे व टर्मिनेशन, मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) केलेली चाचणी, असे एकेक काम त्यात मोकळेपणाने लिही. मालक सज्जन आहेत, खरे लिहिलेले असेल तर ते सही करतील. काम करतानाची छायाचित्रेही जपून ठेव, मात्र त्यांत तुझा चेहरा आणि काम दोन्ही दिसले पाहिजे.

नावाचा घोळही आधीच निस्तर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे असते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जाते आणि आयटीआयच्या कागदावर वडिलांचे नाव निम्मेच छापलेले असते. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावी लागतात, तेव्हा तिन्ही ठिकाणी एकच नाव उतरेल याकडे लक्ष दे.

मुलाखत इंग्रजीत होते, पण मोठमोठ्या वाक्यांची गरज नसते. आपण जे हाताने करतो, ते ‘का’ करतो हे सांगता आले पाहिजे. उदाहरणार्थ, उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की आपण अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालतो. माती सुकली की तिचा रोध वाढतो, मग यंत्राच्या बॉडीला फेजची (वीज असलेली) तार लागली तरी जमिनीतून परतणारा प्रवाह इतका थोडा राहतो की जादा प्रवाहावर पडणारा एमसीबी पडत नाही, आणि म्हणूनच थोड्या गळतीवरही पडणारा ईएलसीबी हवा असतो. हे तू समजावून देऊ शकलास, तर तिथली पद्धतही तुला लगेच कळेल. तिथे प्रत्येक ग्राहकाच्या मुख्य स्विचबोर्डमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका लिंकने जोडलेले असतात, त्यामुळे दोषाचा प्रवाह तारेतूनच जोरात परततो आणि ब्रेकर तत्काळ पडतो. आपल्याकडे ग्राहकाच्या बोर्डात अशी जोडणी करणे चूक मानतात. हा फरक नीट समजून घे, कारण इथे प्रश्न गुणांचा नसून जिवाचा आहे.

रंगांचेही तसेच. आपला निळा म्हणजे तीन फेजपैकी बी फेज. तिथल्या पक्क्या थ्री फेज वायरिंगमध्येही निळा हा फेजचा रंग असतो, पण लवचिक केबलमध्ये तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो. म्हणून कोणत्याही तारेला स्पर्श करण्याआधी मीटर लावायचे, आणि मीटर चालू आहे याची खात्री तपासणीच्या आधी व नंतर अशी दोन्ही वेळा करायची. आपल्याकडे मुख्य स्विचपाशी माणूस उभा करून काम उरकतात; तिथे स्विचला कुलूप घालून आपल्या नावाची पाटी लावल्याखेरीज कामाला सुरुवात होत नाही. ‘एएस/एनझेडएस ३०००’ हे त्यांचे वायरिंगचे नियम आहेत. अर्थ कंडक्टरची सलगता, ५०० व्होल्टवर किमान १ मेगाओम इन्सुलेशन, पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल योग्य जागी असणे), फॉल्ट लूपचा म्हणजे दोषाच्या प्रवाहाच्या संपूर्ण मार्गाचा रोध आणि आरसीडीची (आपल्या ईएलसीबीसारख्या गळती-स्विचची) चाचणी, हा क्रम तू मिलमध्ये आजपासूनच पाळू लाग आणि आकडे वहीत तारखेसह नोंदव.

जर्मनीविषयीही तू विचारले होतेस. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला आहे. तिथेही प्रशिक्षणाची तुलना होऊन पूर्ण किंवा अंशतः समकक्षता ठरते, पण जर्मन भाषा शिकावीच लागते. तुझी इंग्रजी बऱ्यापैकी आहे, म्हणून माझे मत ऑस्ट्रेलियाकडेच झुकते.

एजंटला आगाऊ रक्कम देऊ नकोस आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नकोस. अर्ज स्वतः भरता येतो, आणि शुल्क टप्प्याटप्प्याने असल्यामुळे एकदम मोठी रक्कम उभी करावी लागत नाही.

पीएफचे पासबुक आणि अनुभवपत्राचा मसुदा मला आधी पाठव, मी बारकाईने वाचून दुरुस्त्या सुचवीन. कंत्राटदाराशी बोलताना सोबत कोणी असावे असे वाटत असेल, तर रविवार सोडून दुसरा वार कळव, मी रजा काढून लातूरला येईन. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बालाजी