कोरा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयांतील संगणकीय नोंदींचा साथरोगशास्त्रीय (म्हणजे लोकसमूहात रोग कसे व का पसरतात याच्या) संशोधनासाठी उपयोग करावा, ही मागणी रास्तच आहे. मात्र त्या नोंदी मुळात भरल्या कशा जातात, हे केसपेपरच्या खिडकीमागे अनेक वर्षे बसलेला माणूस म्हणून मांडावेसे वाटते.

आमच्याकडे तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ हे उत्तर आधीच निवडलेले असे. सकाळच्या गर्दीत ते बदलण्याची सवड कोणालाच नसे. त्यामुळे मिश्री लावून दात काळे झालेल्या आजीबाईही आमच्या नोंदीत निर्व्यसनी ठरत. जुना केसपेपर घरी विसरलेल्या रुग्णाला नवा क्रमांक मिळे, आणि वर्षअखेरीस एकाच मधुमेही माणसाचे तीन मधुमेही झालेले असत.

ब्रिटनमध्ये 2020 साली ‘ओपनसेफ्ली’ या प्रकल्पाने 1 कोटी 72 लाख प्रौढांच्या नोंदींवरून कोविडमृत्यूंशी निगडित घटकांचा अभ्यास केला. धूम्रपानाची नोंद नसलेल्यांना त्या संशोधकांनीही धूम्रपान न करणारे धरले, परंतु हे गृहीतक त्यांनी निबंधात उघडपणे नमूद केले. शिवाय तेथे बहुतेक प्रत्येकाचे नाव एका ठरावीक डॉक्टरकडे नोंदलेले असते, आणि धूम्रपानाची नोंद ठेवण्यासाठी डॉक्टरांशी झालेल्या 2004 च्या सरकारी करारात मोबदलाही ठेवलेला होता. आपल्याकडे सकाळी सरकारी दवाखाना, संध्याकाळी खासगी डॉक्टर आणि मधल्या वेळी औषधाच्या दुकानातून थेट गोळ्या, अशी रीत असताना तेच गृहीतक उचलणे धाडसाचे ठरेल.

‘आभा’च्या (आयुष्मान भारत आरोग्य खात्याच्या) 14 अंकी क्रमांकाने एका रुग्णाचे तीन होणे कदाचित थांबेल, चुकीचे ‘नाही’ मात्र तो क्रमांक दुरुस्त करणार नाही. म्हणून प्रत्येक रकान्यात ‘विचारले नाही’ हा पर्याय असावा, आणि नोंदींवर आधारलेल्या संशोधनापूर्वी निदान काही केसपेपर रुग्णांना प्रत्यक्ष विचारून पडताळावेत. गोपनीयतेबाबतही ‘ओपनसेफ्ली’ची पद्धत पाहण्याजोगी आहे : तेथे रुग्णांच्या नोंदी जागच्या जागी राहतात, संशोधकाची आज्ञावली तेथे चालवली जाते आणि बाहेर येतात ती केवळ एकत्रित आकडेवारी. आपल्याकडे नोंदींच्या फायली पेनड्राइव्हवरून इकडून तिकडे जाताना मी स्वतः पाहिल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त नोंदणी कर्मचारी, सातारा