फंक्शन पाठ करून घेऊ नका, समजावून सांगा

संपादक महोदय, नमस्कार.

मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, मुलगी बीएस्सीला आहे. परवा ती प्रॅक्टिकलवरून रडवेली होऊन आली, मॅक्झिमा या गणितं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एफ ऑफ एक्स बरोबर एक्सचा वर्ग असं लिहिलं, एरर काही आला नाही, पण एफ ऑफ 3 विचारलं तर 9 यायच्या ऐवजी नुसतं एफ ऑफ 3 च परत आलं. जर्नलमध्ये बरोबर चिन्हाआधी असलेला कोलन (:) हिच्याकडून राहिला, एवढंच. पण का राहिला तर तो तिथे कशासाठी असतो हे वर्षभरात कुणी सांगितलंच नाही! नुसतं बरोबर चिन्ह म्हणजे समीकरण, नुसता कोलन म्हणजे नावाला किंमत देणं, आणि कोलन-बरोबर (:=) म्हणजे फंक्शनची व्याख्या. वहीत आपण तिन्हीला एकच चिन्ह वापरतो, मशीनला ते चालत नाही.

खरी गंमत पुढे आहे आणि तीच शिकवायला हवी. कोलन-बरोबरने व्याख्या केली की उजवीकडचं गणित तेव्हा होतच नाही, तसंच ठेवलं जातं. म्हणून जी ऑफ एक्स म्हणजे एक्सच्या घनाचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, असं लिहून जी ऑफ 2 मागितलं की ते आधी एक्सच्या जागी 2 टाकतं, मग 8 चं 2 च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह काढायला जातं आणि अडतं, कारण 2 हा काही चल नाही. त्याऐवजी डिफाइन कमांड वापरली तर डेरिव्हेटिव्ह आधीच निघतं, जी म्हणजे 3 एक्स वर्ग होऊन बसतं आणि जी ऑफ 2 ला 12 येतं. आधी काढायचं की नंतर, एवढाच फरक, पण तो कळला की पोरं एरर वाचायला लागतात, घाबरत नाहीत.

सॉफ्टवेअरला दोष नाही हो. 1968 पासून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात झालेल्या कामातून ते आलंय, विल्यम शेल्टर यांनी 1982 पासून 2001 साली वारले तोपर्यंत ते सांभाळलं, 1998 मध्ये सगळ्यांसाठी मोकळं करायची परवानगी मिळवली, म्हणून आज आमच्या जुन्या लॅपटॉपवरही ते फुकट चालतं.

माझी कॉलेजांना कळकळीची विनंती आहे, जर्नलमध्ये कमांड उतरवून घ्यायच्या आधी एक तास पोरांना मुद्दाम चुकीच्या कमांड टाकू द्या आणि काय येतं ते त्यांनाच सांगायला लावा. तोंडी परीक्षेतही हेच विचारा, कोलन का लागला ते.

आपली,
एक पालक आणि गणित शिक्षिका