‘से अगेन’: लेकीला पत्र

माझ्या लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, “बाबा, मी आता मीटिंगमध्ये बोलायचंच सोडून दिलंय. लागेल ते ईमेलने कळवते.” मी नुसतं “हं” म्हणालो. पण नंतर झोप काही लागली नाही. वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी तू, आणि आता ‘डेव्हलपमेंट’ हा एक शब्द तीनदा सांगावा लागला म्हणून गप्प बसतेस. हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून इंग्रजीत, म्हणजे परक्या भाषेत, वैमानिकांशी स्पष्ट बोलणं, हेच तर आयुष्यभर माझं काम होतं. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमधल्या गोष्टी मी घरी कधी फारशा सांगितल्या नाहीत, त्या सांगायला हव्या होत्या असं आता वाटतंय. म्हणून हे पत्र.

रेडिओवर आमच्याकडे एक वाक्य सतत यायचं, ‘से अगेन’, म्हणजे ‘पुन्हा सांगा’. वैमानिकाला नीट ऐकू आलं नाही की तो एवढंच म्हणतो, आणि नियंत्रक पुन्हा सांगतो. मला वैमानिकाचं कळलं नाही तर मीही तेच म्हणायचो. कुणी कुणाची माफी मागत नाही, कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट नीट न ऐकता ‘हो हो’ म्हणणाऱ्याची आम्हाला भीती वाटायची. तुझ्या मीटिंगमध्ये समोरचा माणूस तीनदा ‘सॉरी?’ म्हणाला, कारण तुझं म्हणणं त्याला खरोखर हवं होतं. ज्याला नको असतं तो मान हलवून पुढे जातो.

जगभरच्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. त्याचे आंतरराष्ट्रीय निकष २००३ मध्ये ठरले आणि मार्च २००८ पासून लागू झाले. एकूण सहा पायऱ्या आहेत, त्यातली चौथी गाठावीच लागते. त्या चौथ्या पायरीवर उच्चाराबद्दल जे लिहिलंय ते मी तुझ्यासाठी मुद्दाम पुन्हा आठवलं: मातृभाषेचा प्रभाव चालेल, फक्त त्यामुळे समजायला अडचण कधीतरीच यावी. आणि सर्वांत वरच्या, सहाव्या पायरीवरसुद्धा मातृभाषेचा प्रभाव असू शकतो असं म्हटलंय, तिथे अडचण जवळजवळ कधीच येऊ नये एवढीच अट. जिथे एका चुकीच्या आकड्याने माणसं दगावू शकतात, तिथे कुणीही ‘तुझी मराठी धाटणी, म्हणजे अ‍ॅक्सेंट, पुसून ये’ असं सांगत नाही. मग तू ती का पुसायला निघाली आहेस?

आणखी एक गंमत सांगतो. रेडिओवर ‘थ्री’ हा आकडा नियमानेच ‘ट्री’ असा म्हणायचा असतो. ‘थाउजंड’ला ‘टाउसंड’, ‘फाइव्ह’ला ‘फाइफ’, ‘नाइन’ला ‘नायनर’. खरखरीत आवाजातही पोचावेत म्हणून हे उच्चार ठरवलेले आहेत. तेव्हा जीभ दातांमध्ये धरून तो साहेबी ‘थ’ काढण्यासाठी आरशासमोर महिना घालवू नकोस. तो वेळ दुसरीकडे दे.

कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या दोघांनी १९९५ मध्ये ऐकणाऱ्यांना परभाषकांचं इंग्रजी ऐकवलं, ऐकलेलं जसंच्या तसं लिहायला सांगितलं, आणि वर धाटणी किती जाणवते तेही विचारलं. धाटणी ठळक आहे असा शेरा मारलेली कितीतरी वाक्यं त्याच लोकांनी अचूक लिहून दाखवली होती. धाटणी वेगळी आणि अस्पष्टपणा वेगळा. मी हे रोज कानांनी ऐकत होतो. जपानी, ब्राझीलचे, अरब, फ्रेंच, प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या मातीचं. काहींचं पहिल्या खेपेला कळायचं, काहींचं नाही, आणि त्याचा धाटणीशी फारच थोडा संबंध असायचा.

मग कशाशी असायचा? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे शब्दातला जोर.

तुझंच ‘डेव्हलपमेंट’ घे. आपण ते चार सारख्या ठोक्यांत म्हणतो, किंवा जोर देतोच तर सुरुवातीच्या ‘डे’वर. इंग्रजी कान मात्र ‘व्हे’ची वाट बघत असतो: डि-व्हे-लप्-मन्ट. त्यातला ‘व्हे’ लांब, उंच, ठसठशीत, आणि बाकीचे तिघे त्याच्या आजूबाजूला दबून चाललेले. जोर चुकीच्या जागी पडला की ऐकणारा डोक्यात भलताच शब्द शोधायला लागतो, आणि तो सापडेपर्यंत तुझं वाक्य पुढे निघून गेलेलं असतं. तू तो शब्द तीनदा सांगितलास, पण तिन्ही वेळा जोर तिथेच दिला असणार. दरवेळी आवाज मात्र वाढवला असशील. मोठ्याने म्हटल्याने जोराची जागा बदलत नाही गं.

मराठीत जोर इकडेतिकडे गेला तरी शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला ही सवयच नसते. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर आधीच्या भागावर, क्रियापद असेल तर नंतरच्या. ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘परमिट’ यांचंही तसंच. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, पण ‘फोटोग्राफर’ म्हटलं की तो सरकून दुसऱ्या भागावर जातो आणि पहिला ‘फो’ चक्क ‘फ’ होतो: फ-टॉ-ग्र-फर. शब्दकोशात उच्चाराच्या खुणांमध्ये एक छोटी उभी रेघ असते. ती ज्या भागाच्या आधी असेल त्या भागावर जोर. नवा शब्द शिकताना अर्थाच्या आधी ती रेघ बघत जा.

आणि दबलेले भाग कसे दाबायचे, हे तुला वेगळं शिकायला नको. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारा स्वर म्हणजे जोर नसलेल्या जागी उमटणारा, तोंड सैल सोडून निघणारा अस्फुट स्वर. आपल्या ‘कमळ’ किंवा ‘सहज’ मधला ‘अ’ त्याच्या अगदी जवळचा आहे. म्हणजे जो स्वर कमावण्यासाठी बाकीच्या कितीतरी भाषांचे लोक धडपडतात, तो तुझ्या तोंडात जन्मापासून आहे! आपल्याला फसवतं ते स्पेलिंग. ओ दिसला की आपण ‘ओ’ म्हणतो, ए दिसला की ‘ए’ किंवा ‘आ’. देवनागरीने आपल्याला लिहिल्यासारखं वाचायला शिकवलं. पण इंग्रजीत २६ अक्षरांवर चाळीसहून अधिक ध्वनींचा भार आहे, तिथे ही सवय आड येते. म्हणून वाचून शिकलेला शब्द एकदा कानाने तपासून घेत जा. तुझं बरंचसं इंग्रजी पुस्तकांतून आलंय, म्हणून तुझ्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं आहे.

आता शब्दावरून वाक्यावर येतो, कारण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे आहे. आपण म्हणतो, ‘मीच पाठवलं’, ‘मी आजच पाठवलं’, ‘मीही पाठवलं’, ‘मी पाठवलं तर होतं’. तो इवलासा ‘च’ किती काम करतो बघ. इंग्रजीकडे असा ‘च’ नाही. ते काम आवाज करतो. ‘आय सेंट इट टुडे’ या वाक्यात ‘आय’ उचलून धरला तर ‘मीच’, ‘टुडे’ उचलला तर ‘आजच’. तू सगळे शब्द एकाच उंचीवर म्हटलेस की तुझ्या वाक्यातला ‘च’ गळून पडतो आणि ऐकणाऱ्याला मुद्दा कुठला ते कळत नाही. बोलायच्या आधी वाक्य मनात मराठीत म्हणून बघ. ‘च’ कुठे लावला असतास? इंग्रजीत तिथे आवाज चढव. सेवेत असताना मी नव्या मुलांना हे एवढंच शिकवायचो आणि आठवड्याभरात फरक ऐकू यायचा.

ध्वनींबद्दल फार लिहीत नाही, तीन-चारच सांगतो. पहिला ऱ्हस्व-दीर्घाचा. आपण ‘मूल’ म्हणतो पण ‘मुलाला’, ‘फूल’ पण ‘फुलाला’. म्हणजे दोन्ही स्वर आपल्याकडे आहेत, पण शब्द व्यंजनावर संपला की शेवटचा इकार-उकार आपली जीभ आपोआप लांबवते. त्यामुळे ‘शिप’चं ‘शीप’ होतं आणि ‘लिव्ह’चं ‘लीव्ह’. इथे राहायचंय म्हणताना सोडून जायचंय असं ऐकू आलं तर पंचाईतच. दुसरा, शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. इंग्रजी माणूस तिथे श्वासाचा हलका झोत सोडतो. आपण सोडत नाही, म्हणून आपला ‘पॅक’ त्याला ‘बॅक’ वाटू शकतो. ओठांसमोर कागदाचा तुकडा धर, तो हलला पाहिजे. तिसरा, आपला ‘व’. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, तेव्हा ओठांचा चंबू. ‘व्हेस्ट’ला खालचा ओठ वरच्या दातांना टेकवायचा. आणि ‘वर्क्ड’ला ‘वर्केड’ म्हणू नकोस, शेवटी नुसता ‘ट’ असतो.

आकडे मात्र गांभीर्याने घे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत भल्याभल्यांची गल्लत होते. ‘फिफ्टीन’मध्ये ‘टीन’ लांबव, ‘फिफ्टी’त ‘फिफ’वर जोर देऊन ‘टी’ पटकन सोड, आणि तरी शंका असली तर ‘वन फाइव्ह’ असं सुटं सांग. आमच्या नियमपुस्तिकेत आकड्याच्या आधी आणि नंतर किंचित थांबायला सांगितलंय. फोनवर तर हे हवंच, कारण साधी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवते आणि ‘स’ व ‘फ’ यांच्यातला फरक बराचसा त्याच्या वर राहतो. नाव किंवा कोड सांगायचा झाला तर ‘एस फॉर सिएरा, एफ फॉर फॉक्सट्रॉट’ असं बिनदिक्कत म्हण. ही अक्षरांची यादी १९५६ पासून जगभर चालू आहे, ती ऐकून कुणी तुला नवखी समजणार नाही.

आता वेग. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फार भरभर बोलायचो. मनात भीती असायची की हळू बोललो तर इंग्रजी येत नाही असं वाटेल. एकदा एका वैमानिकाला मी एकाच दमात उंची, दिशा आणि नवी फ्रिक्वेन्सी सांगितली. त्याने चुकीची उंची वाचून दाखवली. मी दुरुस्त केली, पुढे काही घडलं नाही, पण घरी येऊन मी जेवलो नव्हतो. शेजारी बसणाऱ्या वरिष्ठांनी नंतर शांतपणे विचारलं, “तू सूचना देत होतास की संपवत होतास?” आम्हाला मिनिटाला १०० शब्दांच्या वर जाऊ नये असा नियम होता. मीटिंगमध्ये तुला इतकं हळू जायची गरज नाही. पण तीन-चार शब्दांचा अर्थपूर्ण घास झाला की थांब. शब्द ओढून ओढून हळू बोलणं वेगळं, ते कानाला त्रास देतं. शब्द नेहमीच्या चालीने म्हण, मधल्या जागा मोठ्या ठेव. तू घाबरलीस की नेमक्या त्या जागा गिळतेस, लहानपणी पाढे म्हणतानाही गिळायचीस.

त्या वैमानिकाने उंची परत वाचून दाखवली म्हणून चूक सापडली, हे लक्षात ठेव. ऐकलेलं उलट वाचून दाखवायचं, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात शहाणी पद्धत. तुलाही ती वापरता येईल. मीटिंगच्या शेवटी ‘तर शुक्रवारपर्यंत मी अमुक देते, तुम्ही तमुक बघणार, बरोबर?’ असं विचारून टाक. कारण अस्पष्टपणा दरवेळी उच्चारातच असतो असं नाही. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली आणि ५८३ माणसं गेली. धुकं होतं, एकाच वेळी दोघे बोलल्याने संदेश झाकले गेले, कारणं अनेक होती. पण त्यात ‘आम्ही टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्यही होतं. विमान धावू लागलं होतं, आणि नियंत्रकाला वाटलं ते परवानगीची वाट बघत उभं आहे. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरतात, एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. तुझाही एखादा शब्द सारखा अडत असेल तर तो बदल. ‘डेव्हलपमेंट’ पुढच्या वेळी पोचला नाही तर ‘द न्यू वर्क’ म्हण आणि पुढे चल. घरी येऊन त्या शब्दाशी निवांत झुंज.

सरावाचं म्हणशील तर रोज दहा मिनिटं. आवडीच्या बातमीदाराचं किंवा वक्त्याचं एक मिनिटाचं बोलणं घे, त्याच्या अर्ध्या शब्दाने मागे राहून त्याच्यासोबत बोल. अर्थाकडे नको, चालीकडे लक्ष दे, कुठे चढतो, कुठे थांबतो. मग तोच मजकूर एकटीने वाचून फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. त्याच दिवशी ऐकलंस तर काय म्हणायचं होतं ते आठवत असतं आणि कान फसतो.

ईमेल लिहायचं थांबवू नकोस, तू छान लिहितेस. पण पुढच्या मीटिंगमध्ये किमान एक वाक्य तोंडाने बोल. ते आधी लिहून काढ, ‘च’च्या जागी पेन्सिलने रेघ मार, थांबायच्या जागी टिंब दे.

रविवारी सकाळी फोन कर. तुझ्या अहवालाचा पहिला परिच्छेद मला इंग्रजीत वाचून दाखव. आई म्हणतेय तीही ऐकायला बसणार. जिथे कळणार नाही तिथे मी ‘से अगेन’ म्हणेन, आणि तू पुन्हा सांगशील.

तुझा,
बाबा