किनाऱ्यावरच्या माणसाचं ऐका

संपादक साहेब, नमस्कार.

परदेशी हेरगिरीवर आपल्या पेपरात आलेला लेख वाचला. त्यात सगळा भर हॅकिंग, मोबाईल, हनी ट्रॅप यावर होता, ते बरोबरच आहे, पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचा त्यात कुठे उल्लेखच नाही म्हणून लिहितोय. हेर पकडायला दरवेळी सॅटेलाईट लागतो असं नाही, धक्क्यावर रात्री जागणारा माणूस आणि त्याचं ऐकून लगेच हलणारा पोलीस असला तरी पकडला जातो आणि हे न्यूझीलंडने 1985 साली करून दाखवलंय.

तेव्हा त्या देशाची लोकसंख्या सगळी मिळून 32-33 लाख. 10 जुलै 1985 च्या रात्री ऑकलंडच्या धक्क्याला ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचं रेनबो वॉरियर जहाज उभं होतं, फ्रान्स पॅसिफिक महासागरातल्या आपल्या मुरुरोआ बेटावर अणुचाचण्या करायचा त्याचा निषेध करायला ते निघणार होतं. मध्यरात्रीच्या जरा आधी जहाजाला खालून लावलेले दोन बॉम्ब एकामागून एक फुटले, जहाज जागेवरच बुडालं आणि फर्नांडो परेरा नावाचा फोटोग्राफर त्यात गेला. हे करणारे कोण, तर फ्रान्स सरकारच्या गुप्तहेर खात्याचे लोक! दुश्मन नाही हो, दोस्त देश. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडची पोरं ज्या फ्रान्ससाठी जाऊन मेली तोच फ्रान्स.

तयारी पण बघा कशी. काही महिने आधी त्यांची एक बाई कार्यकर्ती म्हणून ग्रीनपीसच्या ऑकलंड ऑफिसात शिरली, सगळ्यांच्यात मिसळली आणि आतली माहिती काढून घेऊन गेली. स्फोटकं फ्रान्सच्याच ताब्यातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाहून एका शिडाच्या यॉटमधून आली. एवढा मोठा देश, एवढं मोठं खातं, आणि अडकले कुठे? तर तिथल्या एका बोट क्लबात चोऱ्या व्हायच्या म्हणून मेंबर लोक रात्री राखण करत होते, त्यांना दिसलं की एक माणूस अंधारात रबरी होडीतून किनाऱ्याला लागला आणि सामान एका व्हॅनमध्ये भरतोय, त्यांना वाटलं चोर असणार, त्यांनी गाडीचा नंबर टिपला आणि पोलिसांना कळवला. गाडी भाड्याची निघाली. दोन दिवसांनी स्विस पासपोर्टवालं एक जोडपं ती परत करायला आलं तेव्हा पोलीस हजर होते. पासपोर्ट खोटे, नवरा-बायकोही खोटे. मनुष्यवधाचा गुन्हा कबूल करून दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली आणि फ्रान्सच्या संरक्षणमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

पण पुढचं वाचून मला जास्त राग येतो. न्यूझीलंडचं लोणी युरोपात विकलं जायचं आणि त्यावर तिथल्या शेतकऱ्यांची पोटं होती, आपली माणसं सोडवायला फ्रान्सने तीच नस दाबली. शेवटी 1986 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी मध्यस्थी केली, फ्रान्सने माफी मागितली, 70 लाख अमेरिकन डॉलर दिले, लोण्याला अडवणार नाही असं कबूल केलं आणि बदल्यात ते दोघं 3 वर्षांसाठी फ्रान्सच्याच एका बेटावर. तेही पाळलं नाही, 1988 च्या मे महिन्यापर्यंत दोघंही परत फ्रान्समध्ये. अमेरिका, ब्रिटनसारख्या दोस्तांनी साधा निषेधही केला नाही. आजही हे थांबलेलं नाही, 2025 मध्ये न्यूझीलंडच्याच एका सैनिकाला परदेशाला लष्करी माहिती द्यायचा प्रयत्न केला म्हणून लष्करी कोर्टाने दोषी ठरवलं.

आता आपल्या कोकणाकडे या. 1993 ला श्रीवर्धनच्या शेखाडीत आरडीएक्स उतरलं, मुंबईत 257 माणसं मेली, आणि त्या केसमध्ये कस्टम आणि पोलीस खात्यातल्या लोकांनाही शिक्षा झाली. 26/11 ला कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरलेल्या त्या पोरांना पहिलं हटकलं ते कोळ्यांनीच. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला एके-47 असलेली बोट लागली, ती ओमानजवळ सोडून दिलेली यॉट वाहत आली होती असं नंतर कळलं ते आपलं नशीब, पण ती किनाऱ्याला लागेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता ना? आणि खाली कारवारला नौदल तळाची माहिती पाकिस्तानी हस्तकांना पुरवल्याच्या आरोपावरून 2025 मध्ये एनआयएने दोघांना पकडलं.

म्हणजे नजर ठेवायला माणसं आहेत, बोट चालवणारे तांडेल आहेत, खलाशी आहेत, जाळी विणत बसलेली म्हातारी माणसं आहेत, ज्यांना बंदरातली प्रत्येक होडी आवाजावरून ओळखता येते. पण संशयास्पद काही दिसलं तरी ती फोन करायला कचरतात. कारण विचारपूस पहिली त्यांचीच होते, तू तिथे काय करत होतास, कागद दाखव, उद्या ये, परवा ये, आणि तेवढ्यात सीझनमधला धंद्याचा दिवस जातो, डिझेल आणि बर्फाचे पैसे अंगावर पडतात. ऑकलंडच्या त्या मेंबरांना असा त्रास झाला असता तर त्यांनी नंबर कळवला असता का?

माझी सरकारला कळकळीची विनंती आहे. किनाऱ्यावरच्या गावांतल्या स्वयंसेवकांच्या सागर सुरक्षा दलातल्या पोरांना नुसतं नावापुरतं ठेवू नका, त्यांना ट्रेनिंग आणि मानधन द्या. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे नंबर प्रत्येक जेटीवर, मच्छीमार सोसायटीत आणि डिझेल पंपावर मराठीत ठळक रंगवा, रात्री 2 ला फोन केला तरी पलीकडे मराठी समजणारा माणूस असू दे. माहिती देणाऱ्याचं नाव बाहेर येता कामा नये आणि त्याची बोट चौकशीसाठी अडकवून ठेवू नका. आणि त्याच्या फोनचं पुढे काय झालं ते त्याला कळवा, चोर निघाला नाही तरी कळवा, म्हणजे पुढच्या वेळी तो परत फोन करेल.

आपला,
एक वाचक, हर्णे, ता. दापोली