प्लॅन एकाचा, स्वयंपाक कुणाचा?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी लागला की तुमच्या आरोग्य पुरवणीत फिटनेसचे प्लॅन सुरू होतात, यंदाही झाले, पानभर तक्ता, पहाटे साडेपाचला उठा, कोमट पाणी प्या, सहा ते सात वॉक, आल्यावर भिजवलेले बदाम, साडेआठला भाज्या घातलेले ओट्स, अकराला फळ, एकला दोन फुलके आणि मोठी डिश सॅलड, रात्रीचं जेवण सातच्या आत. तक्त्यात चुकीचं काही नाही, पण वाचून झाल्यावर मला एकच प्रश्न पडला, हा माणूस सहा ते सात वॉकला गेलाय तर घरात कुकर कुणी लावला? आणि हे सॅलड कुणी चिरलं?

मी सोलापूरची, वय 47, एका पतसंस्थेत नोकरी करते. घरात चौघं, आम्ही दोघं, सासूबाई आणि कॉलेजला जाणारा मुलगा. आमच्या ह्यांचा एचबीएवनसी 6.1 आला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी टेस्ट, त्यात 5.7 ते 6.4 आलं की डायबेटिसच्या उंबरठ्यावर समजतात. यात आमच्या ह्यांचं काही विशेष नाही, आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास 2023 मधे आला त्यात देशात 13.6 कोटी लोक ह्याच उंबरठ्यावर आहेत असं निघालं. डॉक्टर म्हणाले खाणं सुधारा, व्यायाम करा. झालं, ह्यांचा प्लॅन सुरू झाला आणि काम माझं वाढलं. ह्यांना वेगळी कमी तेलाची भाजी, मुलगा जिमला जातो म्हणून त्याला प्रोटीन, सासूबाईंना दात नाहीत म्हणून मऊ भात-वरण, आणि मी सगळ्यात शेवटी बसणार, कढईत खाली जे राहिलंय ते आणि कालची भाकरी टाकवत नाही म्हणून ती.

2018-19 च्या सुमारास घराघरात दीक्षित की दिवेकर असा डाएटचा वाद चालायचा ते आठवत असेल, लग्नाच्या पंगतीत सुद्धा. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणायचे दिवसातून दोनदाच जेवा आणि 55 मिनिटांत संपवा, ऋजुता दिवेकर म्हणायच्या दर दोन तासांनी थोडं थोडं खा. दोघांचीही बाजू मी ऐकलीय आणि कोण बरोबर हे ठरवायला बसले नाहीये, मी फक्त ओट्याकडून बघते. घरात एकजण दोनदा जेवणारा, एकजण दर दोन तासांनी खाणारा आणि एकजण काहीच न पाळणारा असला तर गॅस बंद कधी करायचा?

केंद्र सरकारचा टाइम युज सर्वे आहे, 2024 चा, म्हणजे कोण दिवसाचा किती वेळ कशाला देतं याची पाहणी. त्यात बायका घरकामाला दिवसाला 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88, तेही जे पुरुष काही करतात त्यांचीच सरासरी. म्हणजे बाईचे पावणेपाच तास आधीच गेलेले. आता तक्त्यातला सकाळचा एक तास तिनं कुठून आणायचा? त्यात आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ज्या सकाळी पाणी त्या सकाळी वॉक विसरा, पिंपं भरायची, टाकी भरायची, मोटर बंद करायला पळायचं. (पाण्याची तक्रार या पत्रात करत नाहीये, त्यावर वेगळं लिहीन.)

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडे एका माणसाचा वेगळा प्लॅन करण्यात अर्थ नाही, तो नव्याचे नऊ दिवस चालतो आणि मग स्वयंपाक करणारी थकते. बदल करायचा तर सगळ्यांच्या भांड्यात करायचा, आणि त्याला ना किन्वा लागतो ना ॲव्होकाडो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे 2024 मधे नवीन आहार मार्गदर्शिका काढली, त्यात 2000 कॅलरीच्या दिवसभराच्या ताटाचं माप दिलंय. धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्य-अंडी-मांस मिळून 85 ग्रॅम, भाज्या 400, फळं 100, दाणे-तीळ वगैरे 35, तेल-तूप 27 ग्रॅम आणि दूध-दही 300 मिली. सगळी वजनं कच्च्या मालाची. माझ्यासारख्या बसून काम करणाऱ्या बाईला याच्यापेक्षा थोडं कमीच लागतं. आता हेच माप चौघांच्या घराला लावून बघा, खरी गंमत तिथं आहे.

तेल आधी घ्या. माणशी 27 ग्रॅम म्हणजे चौघांना महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन महिनाभर पुरत नव्हता, आणि वर चटणीवर घ्यायचं तेल वेगळं, सोलापुरात शेंगा चटणी तेलाशिवाय कोण खातं. मी काय केलं, कॅन फोडला की त्यावर मार्करनं तारीख टाकायला लागले आणि फोडणीला पळीऐवजी चमचा घेतला. कुणाला वेगळी भाजी नाही, कुणाला सांगितलं पण नाही. कॅन आता सहा आठवडे जातो, म्हणजे साधारण मापात आलो, आणि चव कमी झाली असं अजून कुणी म्हणलेलं नाही. सासूबाई म्हणल्या असत्या, त्या सोडत नाहीत.

डाळीचं उलट आहे, ती कमी पडते. 85 गुणिले चार म्हणजे 340 ग्रॅम, त्यात अंडी-मटण धरलं तरी आमच्यासारख्या घरात रोज वाटीभर तुरीच्या डाळीची पातळ आमटी चौघांना होते, म्हणजे फार तर दीडशे ग्रॅम. बाकी पोट भाकरी आणि भातानं भरायचं. भाकरीबद्दल पण जरा स्पष्ट बोलायला पाहिजे, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आमच्या जिल्ह्याची शान आहे, पण भाकरी शेवटी धान्यच. माझ्या हातच्या एका भाकरीचं पीठ वजनकाट्यावर ठेवलं तर सत्तर-ऐंशी ग्रॅम भरलं. दोन वेळच्या दोन-दोन भाकऱ्या झाल्या की 250 चा आकडा ओलांडला, सकाळचे पोहे आणि शेवटचा भात अजून मोजलाच नाही. तर आता एक भाकरी कमी आणि डाळ दुप्पट, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, घट्ट पिठलं, डाळ घातलेली मेथी. मुलाच्या प्रोटीन पावडरचा डबा पण बंद केला, त्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय की बॉडी बनवायला प्रोटीन सप्लिमेंट घेऊ नका, त्याला उकडलेली अंडी दिली आणि ती त्यानं स्वतः उकडायची असं ठरलं. परवा भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि वांगं-गाजर-पावटा-हरभऱ्याची मिसळीची भाजी केली तेव्हा वाटलं, हेच तर त्या मार्गदर्शिकेतलं ताट, फक्त आपण ते वर्षातून एकदा वाढतो!

बायकांच्या बाबतीत अजून एक, पुरवणीतले सगळे प्लॅन वजन कमी करायचे असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला आणि साधारण चौथी बाई वजनानं जास्त. म्हणजे एकाच बाईचं पोट सुटलेलं आणि रक्त कमी असं दोन्ही असू शकतं, तिला नुसतं जेवण कमी कर सांगितलं तर ती अजूनच गळणार. तिला पालेभाजी, कडधान्य, वर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा नको, एवढं सांगितलं तरी खूप आहे. चहा लोह शोषू देत नाही हे आमच्या ऑफिसातल्या एकीलाही माहीत नव्हतं, आणि आम्ही डबा संपला की पहिलं चहाच मागवतो.

आता व्यायाम. घरातली कामं म्हणजेच बाईचा व्यायाम असं म्हणणारे खूप भेटतात, त्यात बहुतेक पुरुष. फरशी पुसणं, पाणी भरणं धरा हवं तर, पण ओट्यापुढं दोन तास उभं राहून भाकऱ्या थापण्यानं पाय सुजतात, ताकद वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल अशी हालचाल आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, हे दुसरं बायकांना कुणी सांगतच नाही. चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात, मग जिना चढताना कठड्याला धरायची वेळ येते. त्याला जिमची फी लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून जोर, पाच किलो पिठाची पिशवी उचलणं, जमेल तसे सूर्यनमस्कार. साताऱ्याकडच्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले ते याच महाराष्ट्रात, आणि त्याला सतरंजीएवढी जागा पुरते. माझं चालणं रात्री जेवणानंतर गच्चीवर, पंधरा-वीस मिनिटं, हे पण येतात, जेवणानंतर चालल्यानं शुगर कमी चढते त्यामुळे ह्यांचं औषध आणि माझा व्यायाम एकदमच होतो. तेवढ्या वेळात मागचं आवरायचं काम मुलाकडे. तो कुरकुरतो, करतो.

तर साहेब, तुम्हाला विनंती अशी की पुरवणीत प्लॅन छापताना मापं चौघांच्या घराची छापा, वाटीत आणि चमच्यात, आणि प्रत्येक प्लॅनखाली एक ओळ टाका, हे करायला घरातल्या दुसऱ्या माणसाला किती वेळ लागेल. आणि शक्यतो फेब्रुवारीतच घरात करायच्या व्यायामावर एक पान काढा, कारण होळी झाली की आमच्याकडे सकाळी आठनंतर बाहेर चालवत नाही, आणि एप्रिल-मेमधे पारा 42-43 ला जातो तेव्हा रात्री गच्चीची फरशी सुद्धा पायाला चटका देते.

तुमची जुनी वाचक,
सोलापूर